कडाक्याच्या थंडीतील घरासाठी साइडिंग कसे निवडावे

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा उणे ५१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत इतकी थंडी पडत नाही, पण उणे २५ ते उणे ३० अंशांच्या काही रात्री तेथेही येतात, आणि त्याच घरांवर जुलैमध्ये ३५ अंशांचे ऊन पडते. गडद रंगाच्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीचा पृष्ठभाग उन्हाळ्यात हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो, म्हणजे त्या भिंतीवरील प्रत्येक पट्टीला वर्षभरात सुमारे नव्वद अंशांचा चढउतार सोसावा लागतो. मिनेसोटा, शिकागो, टोरांटो, विनिपेग अशा ठिकाणी स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे वीस-तीस वर्षे जुनी घरे विकत घेतात आणि थोड्याच काळात साइडिंग, म्हणजे बाहेरील भिंतीवरचे आच्छादन, बदलण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. हे मार्गदर्शन प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. उदाहरणे मिनेसोटातील असली तरी बर्फाळ हिवाळ्याच्या कोणत्याही भागात तत्त्वे तीच राहतात.

महाराष्ट्रात भिंत म्हणजे वीट, चिरा किंवा काँक्रीट, आणि तिच्यावरचा गिलावा हा तिचाच भाग. उत्तर अमेरिकेतील घराची भिंत निराळी असते. आतून बाहेर जाताना प्रथम ड्रायवॉल (जिप्समचा फळा), मग प्लॅस्टिकचा पातळ पडदा, मग लाकडी उभ्या स्टडांमध्ये (खांबांमध्ये) भरलेले इन्सुलेशन, त्यावर ओ.एस.बी. (लाकडाच्या चिपा दाबून केलेला फळा) किंवा प्लायवुडचे शीदिंग, म्हणजे सांगाड्यावरचे लाकडी अस्तर, त्यावर हाउसरॅप (पाणी अडवणारे पण वाफ जाऊ देणारे वेष्टन) आणि सर्वांत शेवटी साइडिंग असा तिचा क्रम असतो. कोकणात पावसाळ्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीवर झावळ्यांचे झाप बांधतात, त्यांचे जे काम तेच येथे साइडिंगचे: वाऱ्याबरोबर येणारा मारा अंगावर घेणे. घराला ऊब देण्याचे काम त्याचे नाही. साध्या साइडिंगचे उष्णतारोधक मूल्य (आर; आकडा जितका मोठा तितका रोध अधिक) आर-१ देखील भरत नाही, तर स्टडांमधील इन्सुलेशन आर-१९ ते आर-२१ इतके असते. त्यामुळे अमुक साइडिंग लावल्याने घर उबदार होईल, असे कोणी सांगू लागल्यास त्यामागे वेगळे इन्सुलेशन आहे का, हे आधी विचारावे.

या हवामानात साइडिंग सहसा नुसत्या थंडीने बिघडत नाही. ते बिघडते अडकलेल्या पाण्याने. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. दुपारच्या उन्हाने वितळलेले पाणी फटीत शिरते, रात्री तेथेच गोठते आणि फट रुंद करते, आणि मार्च-एप्रिलमध्ये हे चक्र दररोज चालू राहते. म्हणून भिंतीत शिरलेले पाणी कोणत्या वाटेने बाहेर पडेल आणि भिंत कशी वाळेल, याची व्यवस्था आधी ठरवावी. साइडिंगचा पदार्थ त्यानंतर निवडावा. दुकानातील नमुना-फळे पाहून रंग ठरवण्यात सारी शक्ती खर्च होते आणि फ्लॅशिंगबद्दल, म्हणजे सांध्यांवरून पाणी बाहेर वळवणाऱ्या पत्र्यांबद्दल, एक प्रश्नही विचारला जात नाही, हा क्रम उलटा आहे.

पाण्याच्या वाटा

निवडीची सुरुवात घराभोवती सावकाश फेरी मारून करावी, आणि शक्य असल्यास ती वसंत ऋतूत, बर्फ वितळत असताना मारावी. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांजवळ रंग फुगला आहे का, डेक जेथे घराला जोडलेला आहे तेथे लाकूड मऊ लागते का, उत्तरेकडील भिंतीवर हिरवट-काळे डाग आहेत का, हे पाहावे. खालच्या छपराची कड जेथे उभ्या भिंतीला येऊन संपते ती जागा विशेष बारकाईने तपासावी. तेथे पाणी भिंतीपासून दूर, गटरमध्ये वळवणारा पत्र्याचा एक छोटा वाकवलेला तुकडा असायला हवा, ज्याला किक-आउट फ्लॅशिंग म्हणतात. तो नसेल तर छपराच्या त्या पट्ट्यावरचे सारे पाणी वर्षानुवर्षे साइडिंगच्या मागे उतरत राहते, आणि बाहेरून काहीही न दिसता आतील शीदिंग कुजून जाते. नवे साइडिंग कितीही महाग असले तरी हा तुकडा बसवला नाही, तर तेही मागून भिजणारच.

छपराच्या कडेला साचणारे बर्फाचे बांध हे दुसरे कारण. पोटमाळ्यात घरातील उष्णता निसटत असेल तर छपरावरचा बर्फ खालून वितळतो, ते पाणी थंड कडेपाशी पोचून पुन्हा गोठते आणि मागून येणारे पाणी त्या बांधामागे तुंबून छपराखाली व भिंतीत शिरते. कडेला मोठे हिमलोलक लटकत असतील, तर साइडिंगवर खर्च करण्यापूर्वी पोटमाळ्यातील हवेच्या फटी बुजवून घ्याव्यात आणि तेथील इन्सुलेशन वाढवावे.

पाणी आतूनही येते, आणि हा मुद्दा आपल्या स्वयंपाकघरांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. रोजचा प्रेशर कुकर, उकळती आमटी, इडलीचे पात्र, घरात वाळत घातलेले कपडे यांतून बरीच वाफ निर्माण होते. ही दमट हवा विजेच्या स्विचबोर्डांच्या व पाइपांच्या फटींतून भिंतीत शिरते आणि गोठणबिंदूखालील शीदिंगला लागताच तिचे दव किंवा दहिवर बनते. वसंतात ते वितळून ओ.एस.बी.ला भिजवते. बाहेर उणे २५ अंश असताना घरातील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यापेक्षा ती बरीच जास्त असेल तर खिडक्यांच्या काचांवर आतून पाणी जमते, आणि काचेवर जे दिसते तेच भिंतीच्या आत न दिसता घडत असण्याची शक्यता मोठी असते. अनेक घरांत चुलीवरील मायक्रोवेव्हचा पंखा हवा केवळ गाळून परत खोलीतच सोडतो. साइडिंग काढलेले असताना बाहेरपर्यंत नळी काढून खरा एक्झॉस्ट बसवणे सोपे जाते, कारण भिंतीला पाडलेले भोक त्याच वेळी हाउसरॅप आणि फ्लॅशिंगने नीट बंद करता येते. फोडणीचा वास घराबाहेर जातो हा त्याचा आणखी एक लाभ.

साइडिंग आणि हाउसरॅप यांच्यामध्ये मुद्दाम सोडलेली हवेची पोकळी, म्हणजेच रेनस्क्रीन, हा या साऱ्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय होय. उभ्या लाकडी पट्ट्या मारून पाऊण इंचाची, किंवा जाळीदार चटई वापरून पाव ते तीन-अष्टमांश इंचाची पोकळी ठेवली जाते. खालच्या टोकाला कीटक शिरू नयेत म्हणून जाळी बसवतात. मागे उतरलेले पाणी या पोकळीतून खाली निथळते आणि उरलेला ओलावा वाहत्या हवेने वाळतो. तिचे महत्त्व कॅनडातील व्हँकुव्हरने फार मोठी किंमत मोजून शिकले. तेथे १९८० आणि १९९० च्या दशकांत बांधलेल्या असंख्य इमारतींच्या भिंतींत पावसाचे पाणी अडकून लाकूड कुजले, आणि १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे माजी प्रीमियर (मुख्यमंत्री) डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. व्हँकुव्हरचा हिवाळा सौम्य आणि पावसाळी असतो हे खरे, पण ज्या भिंतीला वाळायला वाट नाही ती गोठणाऱ्या प्रदेशात अधिकच असुरक्षित असते. सेंट पॉलच्या पूर्वेस असलेल्या वुडबरी शहराच्या बांधकाम तपासणी विभागाला स्टको (सिमेंटचा बाह्य गिलावा) लावलेल्या, फारशा जुन्या नसलेल्या घरांतील अशाच बिघाडांवर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध करावे लागले होते.

जुने साइडिंग निघालेले असतानाच

भिंत उघडी पडण्याची संधी वीस-तीस वर्षांतून एकदा येते, म्हणून बाहेरून सलग इन्सुलेशन लावायचे की नाही, याचा निर्णय याच वेळी घ्यावा. स्टडांमधील इन्सुलेशन कितीही चांगले असले तरी लाकडी स्टडांमधून उष्णता बाहेर जातच राहते. शीदिंगच्या बाहेरून फोमचा किंवा खनिज लोकरीचा सलग थर लावल्यास ती वाट बंद होते आणि शीदिंग उबदार राहिल्याने त्यावर दव धरण्याचा धोका कमी होतो. मात्र थर पुरेसा जाड हवा. जोडशहरे ज्या सहाव्या हवामान विभागात मोडतात, तेथे आतील बाष्परोधक (घरातील वाफ भिंतीत शिरू न देणारा थर) केवळ रंगाचा ठेवायचा असेल तर दोन-बाय-चारच्या (स्टडांचे इंचांतील माप) भिंतीवर किमान आर-७.५ आणि दोन-बाय-सहाच्या भिंतीवर किमान आर-११.२५ इतके बाह्य इन्सुलेशन निवासी बांधकाम संहितेने सांगितले आहे. आत प्लॅस्टिकचा पडदा आणि बाहेर बाष्प अडवणारा पातळ फोम ही जोडी टाळावी, कारण मध्ये सापडलेला ओलावा कोणत्याच बाजूने बाहेर पडू शकत नाही. खनिज लोकर वाफ बाहेर जाऊ देते, म्हणून जुन्या घरांसाठी ती मला अधिक सुरक्षित वाटते, जरी ती लावायला कष्ट अधिक पडतात.

पदार्थांची निवड

व्हिनिल सर्वांत स्वस्त आहे आणि म्हणूनच सर्वाधिक दिसते. ते पी.व्ही.सी.चे असल्याने कुजत नाही, रंगवावे लागत नाही, आणि सैलसर लटकलेले असल्याने त्याच्या मागे हवा आपोआप खेळती राहते. हा शेवटचा गुण पुरेसा वाखाणला जात नाही. त्याची उणीव म्हणजे कडक थंडीत ते ठिसूळ होते. उणे २० अंशांत बर्फ काढायच्या यंत्रातून उडालेला बर्फाचा खडा किंवा फावड्याचा धक्काही त्याला तडा देऊ शकतो. दुसरे असे की तापमानाप्रमाणे त्याची लांबी पुष्कळ बदलते. साडेबारा फुटांची पट्टी हिवाळा आणि उन्हाळा यांच्या दरम्यान अर्धा इंच किंवा त्याहून अधिक आकुंचन-प्रसरण पावते. त्यामुळे खिळा लांबट भोकाच्या बरोबर मध्यभागी मारावा लागतो, त्याचे डोके आणि पट्टी यांच्यात नखभर सैलपणा ठेवावा लागतो, आणि पट्टीच्या टोकांना पाव इंच जागा सोडावी लागते. काम साडेचार अंश सेल्सिअसखाली चालू असेल तर ही जागा तीन-अष्टमांश इंच लागते. बसवलेली पट्टी हाताने डावी-उजवीकडे थोडी सरकली पाहिजे. ती सरकत नसेल तर खिळे घट्ट मारलेले आहेत, आणि अशी भिंत पहिल्याच उन्हाळ्यात लाटांसारखी फुगते. व्हिनिलच घ्यायचे ठरल्यास ०.०४४ इंच किंवा त्याहून जाड पट्टी घ्यावी; ०.०३५ इंच ही केवळ किमान मर्यादा आहे. शेजाऱ्याच्या आधुनिक खिडकीच्या काचेवरून परावर्तित होणारे ऊन आणि भिंतीला खेटून ठेवलेली बार्बेक्यूची शेगडी, या दोन्हींनी व्हिनिल वितळून वाकते. मागे फोम चिकटवलेले व्हिनिलही मिळते. त्याने सुमारे आर-२ ची भर पडते आणि पट्टी धक्क्याला अधिक टिकते, पण त्याला पूर्ण बाह्य इन्सुलेशनचा पर्याय समजू नये.

फायबर सिमेंट म्हणजे पोर्टलंड सिमेंट, वाळू आणि लाकडाचे तंतू यांची दाबून बनवलेली फळी. ती जळत नाही, सुतारपक्षी तिला भोके पाडत नाहीत, आणि तापमानाने तिची लांबी फारच थोडी बदलते. जेम्स हार्डी ही या क्षेत्रातील सर्वांत परिचित कंपनी हवामानानुसार निरनिराळी उत्पादने बनवते. गोठण्या-वितळण्याच्या प्रदेशासाठी असलेला प्रकार एच.झेड. ५ या नावाने मिळतो, आणि दक्षिणेकडील उष्ण-दमट प्रदेशासाठीचा एच.झेड. १० येथे बसवणे योग्य नव्हे. माल उतरवला जात असताना त्यावरील छाप पाहून घ्यावी. या फळीचा खरा शत्रू म्हणजे तिच्या खालच्या कडेला टेकून राहिलेला बर्फ. म्हणून जमिनीपासून किमान ६ इंच, आणि छप्पर, डेक व पायवाट यांपासून किमान २ इंच अंतर सोडण्याचा नियम आहे, आणि कापलेल्या कडा लगेच रंगवून बंद करणे आवश्यक आहे. माझ्या मते, जेथे बर्फ भिंतीलगत फूट-दोन फूट साचून महिनोन्महिने राहतो, तेथे ६ इंचांवर समाधान न मानता खालचा पट्टा दगडी किंवा काँक्रीटचाच उघडा ठेवावा. फळी जड असते, कापताना फुफ्फुसांना घातक अशी सिलिकाची धूळ उडते, आणि दोन माणसांनी न उचलल्यास ती मध्येच मोडते. त्यामुळे बसवण्याची मजुरी वाढते.

एंजिनिअर्ड वुडचा, म्हणजे लाकडाच्या चिपा दाबून बनवलेल्या फळ्यांचा, इतिहास जाणून मगच ते घ्यावे. लुइझियाना-पॅसिफिक कंपनीच्या पहिल्या पिढीच्या फळ्या ओलाव्याने फुगल्या आणि कुजल्या, आणि १९९६ मध्ये कंपनीला सामूहिक दाव्यात तडजोड करावी लागली. आजचे स्मार्टसाइड हे उत्पादन त्यानंतर आले: लाकडाच्या चिपा झिंक बोरेट, मेण आणि रेझिन यांनी संस्कारित करून दाबलेल्या असतात आणि वर रेझिनयुक्त कागदाचा थर असतो. थंडीत ते ठिसूळ होत नाही, मिनेसोटातील गारपिटीचा मार ते फायबर सिमेंटपेक्षा बरा सोसते, वजनाला हलके असते, आणि १६ फुटांच्या लांब फळ्यांमुळे भिंतीवर सांधे कमी येतात. तरीही ते शेवटी लाकूडच आहे. प्रत्येक कापलेली कड, प्रत्येक नळाचे भोक, प्रत्येक खोल रुतलेला खिळा बंद केला गेला पाहिजे, आणि हे काम शिडीवरचा कारागीर मन लावून करतो की नाही यावर भिंतीचे आयुष्य ठरते. कारागीर विश्वासू असेल आणि मागे रेनस्क्रीन असेल, तर जोडशहरांसारख्या ठिकाणी माझी पहिली पसंती याच पदार्थाला राहील. उत्तरेकडील दाट सावलीच्या, सतत ओलसर राहणाऱ्या भिंतीसाठी मात्र मी फायबर सिमेंट निवडेन.

स्टीलचे साइडिंग मिनेसोटात बरेच दिसते. ते थंडीत तडकत नाही, जळत नाही, आणि त्याचे प्रसरण व्हिनिलच्या तुलनेत बरेच कमी असते. गारांनी त्याला पोचे पडतात, आणि काही विमा-करारांत केवळ दिसण्यापुरत्या नुकसानीची भरपाई वगळलेली असते, ते कलम आधी वाचावे. रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे शिंतोडे गॅरेजजवळच्या खालच्या पट्ट्यांवर येतात, म्हणून कापलेल्या कडा तेथे उघड्या ठेवू नयेत. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते आणि अधिक मऊ असते. नव्याने घेण्यास ते सुचवण्याजोगे नाही.

देवदार लाकूड देखणे असते, पण त्याला दर काही वर्षांनी स्टेन किंवा रंग लागतो, फळीची मागची बाजूही बसवण्यापूर्वी रंगवावी लागते, आणि सुतारपक्ष्यांना ते फार आवडते. एवढी निगा राखण्याची तयारी असेल तरच ते घ्यावे. वीट घ्यायची असल्यास तीव्र हवामानासाठी असलेली एस.डब्ल्यू. दर्जाचीच मागावी, अन्यथा गोठलेल्या पाण्याने तिचे पापुद्रे सुटतात. विटेमागे किमान एक इंचाची पोकळी आणि तळाशी निथळण्याची भोके असावीत, आणि ती भोके नंतर कोणी सिमेंटने बुजवू नयेत. स्टको आणि भिंतीला चिकटवलेला कृत्रिम दगड हे दोन्ही पाणी धरून ठेवतात. मागे निथळण्याची पोकळी नसेल तर या हवामानात ते लावू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन, मग प्रवेशद्वाराशी ते कितीही शोभून दिसोत.

करारापूर्वी

टाउनहोम असेल तर बाहेरील भिंत बहुधा घरमालकांच्या संघटनेच्या अखत्यारीत असते आणि निवड आपल्या हाती नसते. स्वतंत्र घरांच्या वसाहतीतही रंग व पदार्थ यांना लेखी मंजुरी लागू शकते. घर १९७८ पूर्वीचे असेल तर जुन्या रंगात शिसे असू शकते, आणि अमेरिकेत ते काम कंत्राटदाराला द्यायचे तर तो प्रमाणितच असावा लागतो. त्या काळातील राखाडी, ठिसूळ सिमेंटी फरशांसारखे साइडिंग ॲसबेस्टॉसचे असू शकते. चाचणी केल्याशिवाय ते फोडू नये.

गारपिटीनंतर दारोदार येणारे विक्रेते त्याच दिवशी सही मागतात. मिनेसोटात निवासी कंत्राटदाराला राज्याच्या कामगार व उद्योग विभागाचा परवाना लागतो. तो क्रमांक विभागाच्या संकेतस्थळावर तपासून मगच बोलणी पुढे न्यावीत. विम्यातील आपल्या वाट्याची रक्कम आम्हीच भरू, असे आमिष दाखवणे तेथे बेकायदेशीर आहे, त्यामुळे तसे कोणी म्हणाल्यास संभाषण तेथेच थांबवावे. दरपत्रकात हाउसरॅपचा प्रकार, पोकळी आहे की नाही, किक-आउट फ्लॅशिंग, खिडक्यांवरील पत्रा, कुजलेले शीदिंग बदलण्याचा प्रति फळा दर आणि नगरपालिकेचे पर्मिट हे सारे वेगवेगळे लिहून मागावे. तीन दरपत्रकांपैकी सर्वांत स्वस्तात या गोष्टींचा उल्लेखच नसेल, तर ते स्वस्त का आहे याचे उत्तर तेथेच मिळते.

वॉरंटीचे आकडे वाचताना ती कशाची आहे हे पाहावे. जेम्स हार्डीची फळीवर ३० वर्षांची हमी आहे, पण कारखान्यात दिलेल्या रंगावर १५ वर्षांचीच. स्मार्टसाइडची ५० वर्षांची हमी पहिल्या पाच वर्षांनंतर दरवर्षी घटत जाते. शिवाय जमिनीपासूनचे अंतर किंवा सांध्यांची फट नियमाप्रमाणे नसेल, तर दोन्ही कंपन्या भरपाई नाकारू शकतात. म्हणून काम चालू असताना खालच्या कडेची, सांध्यांची आणि हाउसरॅपची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत.

काम मे ते सप्टेंबरच्या दरम्यान करवावे. बहुतेक कॉक (फटी बुजवण्याचा लवचिक मसाला) आणि रंग सुमारे ५ अंशांखाली नीट धरत नाहीत, आणि थंडीत कापताना व्हिनिल तडकते. काम दिवाळीपूर्वी पुरे झाले तर आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळांसाठी भिंतीत खिळे ठोकू नयेत; व्हिनिलच्या पट्टीखाली अडकणारे हुक मिळतात, आणि इतर साइडिंगसाठी छपराच्या कडेखालील लाकडी पट्टीत कायमचे हुक बसवून त्यांची भोके बंद करून घ्यावीत. शेवटचा हप्ता नगरपालिकेच्या तपासनिसाची अंतिम तपासणी झाल्यावरच द्यावा, आणि उरलेल्या पाच-सहा फळ्या, रंगाचा क्रमांक आणि उत्पादनाचे नाव लिहिलेली खोक्याची बाजू गॅरेजमध्ये ठेवून द्यावी, कारण काही वर्षांनी एकच फळी बदलायची वेळ आली तर तोच रंग दुकानात मिळेल याची खात्री नसते.